ओटला: रामबागेकडच्या एका गल्लीची केस

एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदवी, करत होते तेव्हा आम्हाला केस लिहायला लावायचे. एक माणूस घ्या नाहीतर एक घर घ्या, काय झालं, कधी झालं, कोण काय म्हणालं ते लिहा, आणि तुम्हाला काय वाटतं ते सगळ्यात शेवटी. पुढे मी त्या लाईनमधे गेलेच नाही, हिशेबाच्या कामात पडले, पण सवय राहिली. ही केस आमच्या गल्लीची आहे. इंदूर, रामबागेची बाजू, तीस-पस्तीस घरं, निम्म्याहून जास्त मराठी, बाकी मालवी, दोन-तीन सिंधी. आणि गल्लीतही खरं सांगायचं तर मला बोलायचंय ते ओटल्याबद्दल, कोरोनात त्याचं काय झालं ते.

ओटला म्हणजे काय हे पुण्याच्या नातेवाइकांना दरवेळी समजावावं लागतं. त्यांना ओटा म्हटलं की स्वयंपाकघरातला गॅस आठवतो. आमच्याकडे घराचं दार उघडलं की बाहेर रस्त्याला लागून एक चौथरा असतो, दोन-तीन पायऱ्या वर, वरती कोटा फरशी नाहीतर नुसतं सिमेंट, रुंदी म्हणाल तर एक माणूस मांडी घालून बसेल इतकी. तो ना घरात ना रस्त्यात. सकाळी त्यावर पेपर आणि चहा, अकरा वाजता भाजी निवडणं, दुपारी मांजर, संध्याकाळी आज्या, रात्री बनियानमधले काका. मुद्दा असा की ओटल्यावर बसलेल्या माणसाशी बोलायला कारण लागत नाही. घरात असलेल्या माणसाकडे जायचं म्हणजे बेल वाजवावी लागते, काहीतरी काम आहे असं दाखवावं लागतं, चप्पल काढावी लागते, मग त्यांना चहा टाकावा लागतो. ओटल्यावर नुसतं "काय काकू, आज मेथी?" एवढ्यावर अर्धा तास जातो.

माझ्याकडे पुरावे काय, तर सासूबाईंचं २०२० आणि २०२१ चं कालनिर्णय. त्या रोजच्या चौकोनात दुधाचा आकडा लिहितात, दीड म्हणजे दीड लिटर, पाहुणे असले की दोन, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात काही झालं असेल तर ते. दुसरं म्हणजे गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा बॅकअप. तिसरं, नंतर पाच-सहा घरी बसून विचारलं ते, पण त्यावर माझा कमी विश्वास आहे कारण प्रत्येकाला आठवतंय की गल्लीत मास्क सगळ्यात आधी त्यानेच लावला होता.

मार्चपासून सुरू करते. १४ मार्च २०२० ला रंगपंचमी होती आणि गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, निघाली नाही. बाहेरच्यांना याचं वजन कळणार नाही. इंदूरमधे धुळवडीपेक्षा रंगपंचमी मोठी, राजवाड्यासमोर टँकरने रंग उडतो, चार मजले वर गुलाल जातो, आणि ती गेर रद्द. तरी त्या दिवशी आमच्या ओटल्यावर चर्चा काय, तर "प्रशासनवाले जरा जास्तच घाबरतात." २२ तारखेला जनता कर्फ्यू. दिवसभर खरंच चिडीचूप, संध्याकाळी पाच वाजता सगळे आपापल्या ओटल्यावर ताट-वाटी-घंटा घेऊन उभे, इथपर्यंत छान. मग गल्लीतली तीन पोरं बाईकवर बसून राजवाड्याला गेली कारण तिकडे मोठी गर्दी ढोल-थाळ्या घेऊन नाचत होती, कर्फ्यू साजरा करायला गर्दी. त्याचे व्हिडिओ नंतर देशभर फिरले, आपलंच शहर ते, काय बोलणार.

आणि २५ तारखेला पाडवा. आदल्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांचं भाषण झालेलं, एकवीस दिवस. सकाळी बातमी आली इंदूरमधे पेशंट सापडले. साखरेच्या गाठी आधीच आणून ठेवलेल्या म्हणून बरं, कडुलिंब कोपऱ्यावरच्या झाडाचा, पण तोडायला जायचं कोणी यावर घरात दहा मिनिटं चर्चा झाली, शेवटी नवरा तोंडाला रुमाल बांधून चोरासारखा गेला आणि सात घरांचा पाला घेऊन आला, प्रत्येक ओटल्यावर एक एक डहाळी ठेवत परत. कोणी दार उघडलं नाही. खिडकीतून हात हलवला. माझ्या दृष्टीने केस इथे सुरू होते, कारण त्या दिवसापासून पुढचे दोन महिने ओटल्यावर माणसं नव्हती, वस्तू होत्या.

३० मार्चपासून तीन दिवस इंदूरमधे सगळंच बंद केलं, किराणा, भाजी, पेट्रोल. कालनिर्णयात त्या तीन चौकोनांत शून्य शून्य शून्य आहे. आई (सासूबाईंना मी आईच म्हणते) सांगतात की लग्न होऊन आल्यापासून दुधाच्या जागी लागोपाठ तीन शून्यं त्यांनी कधी लिहिली नव्हती, दंगलीच्या कर्फ्यूतही दूधवाला मागच्या बोळातून यायचा. समोरच्या आजींचा प्रॉब्लेम वेगळा, त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, एकट्या, मुलगा पुण्याला, आणि चहाशिवाय त्यांचं डोकं चढतं. आईंनी दुधाच्या पावडरचा डबा शोधला, अर्धी वाटी पावडर कागदात बांधली आणि मला म्हणाल्या, "अगं, ओटल्यावर ठेव आणि लांबूनच हाक मार, उगीच आत शिरू नकोस." मी ठेवली, मागे सरकले, आजी आल्या, पुडी उचलली, पदराने धरून. मग आम्ही रस्त्याच्या दोन बाजूंना उभ्या राहून पाच मिनिटं एकमेकींकडे बघत होतो आणि बोलायला काही सुचेना. रोज तास तास बोलणाऱ्या बायका आम्ही.

किराण्याची सोय मात्र लवकर लागली आणि त्याचं श्रेय द्यायला पाहिजे. स्वच्छतेत तोवर इंदूरचा देशात लागोपाठ तीनदा पहिला नंबर आलेला, त्यामुळे कचऱ्याची पिवळी गाडी रोज गाणं वाजवत प्रत्येक दारी येणारच, हे ठरलेलं. त्याच गाडीबरोबर सामानाच्या चिठ्ठ्या जायला लागल्या. ओला कचरा, सुका कचरा आणि चिठ्ठी. तूरडाळ दोन किलो, साखर, तेल, मीठ. एक-दोन दिवसांनी पिशवी ओटल्यावर. ब्रँड तुमच्या मर्जीचा नाही, आणि आमच्याकडे एकदा पोहे जाड आले, इंदूरच्या माणसाला जाड पोहे, पण तक्रार कोणाकडे करणार आणि कशाला. जी माणसं ती गाडी चालवत होती ती रोज शंभर दारांना हात लावत होती आणि आम्ही घरात बसून दुधाची पिशवी साबणाने धूत होतो.

दुधाच्या पिशवीवरून आठवलं, धुण्याचं फार वेड होतं. भाजी सोड्याच्या पाण्यात, नोटा इस्त्रीखाली, पेपर तर बंदच केला. ओटला फिनाईलने दिवसातून दोनदा. आई आधीपासून रोज सकाळी ओटला धुवून रांगोळीची चार बोटं ओढतात, ते त्यांनी एक दिवस सोडलं नाही, पण आता रांगोळीच्या आधी फिनाईल, त्यामुळे ओली फरशी आणि रांगोळी पसरायची. त्यांचं त्यावरून रोज चिडणं व्हायचं. मला आता वाटतं बरं झालं, चिडायला काहीतरी होतं.

चैत्रगौरीचं काय करायचं हा मोठा प्रश्न आला. अक्षय्यतृतीया २६ एप्रिलला होती, तोवर हळदीकुंकू व्हायला पाहिजे. आमच्या गल्लीत चैत्राचं हळदीकुंकू म्हणजे एका संध्याकाळी पाच घरी जायचं, पाच घरची कैरीची डाळ खायची, पन्हं प्यायचं आणि घरी आल्यावर कोणाची डाळ आंबट नव्हती ते बोलायचं. कैरी मिळेना. शेवटी बँकेतल्या काकांच्या मागच्या अंगणात झाड होतं, त्यांनी कैऱ्या पाडल्या आणि मोजून प्रत्येक घराला दोन, ओटल्यावर. (ते बँकेतून रिटायर झालेले म्हणून बँकेतले काका, आणि कैऱ्या त्यांनी खरंच वहीत टिक करून वाटल्या.) बायकांनी आपापल्या घरी डाळ केली, गौरीचे फोटो ग्रुपवर टाकले. सत्तावीस फोटो आहेत, मी मोजले. सगळ्यांनी सगळ्यांना "खूप सुंदर आरास" लिहिलं. चव कोणाची कशी ते कोणालाच कळलं नाही.

मे महिन्यात बायपासवरून माणसं चालत निघाली होती. मुंबई, नाशिककडून आग्रा-मुंबई रोडने सेंधव्याच्या बाजूने येऊन युपीकडे, डोक्यावर बोचकी, पोरं खांद्यावर, ट्रकच्या टपावर, कोणी सायकलवर. इंदूरच्या लोकांनी तिथे खाणं, पाणी, चपला सगळं दिलं हे खरं आहे, आणि आमच्या गल्लीचा त्यात वाटा म्हणजे पोळ्या. प्रत्येक घराने वीस पोळ्या आणि बटाट्याची कोरडी भाजी, संध्याकाळी पाचला ओटल्यावर, दोन पोरं पास घेऊन गाडीतून उचलून न्यायची. दहा-बारा दिवस चाललं. मला या काळाबद्दल गल्लीचा अभिमान आहे. आणि त्याच काळाबद्दल लाजही आहे, ती सांगते.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना आम्ही मार्चपासून येऊ नका म्हटलं. एप्रिलचा पगार पूर्ण दिला. मेचा अर्धा दिला. जूनमधे फोनवर "बघू" म्हटलं. हे आमचं एकट्याचं नाही, गल्लीत बहुतेक घरांनी असंच केलं, एप्रिल पूर्ण, मग अर्धा, मग बघू, जसं काही ठरवून. बायपासवरच्या अनोळखी माणसाला वीस पोळ्या आणि अकरा वर्षं आमची भांडी घासणाऱ्या बाईला बघू. त्या वस्तीत राहतात म्हणून त्यांच्याकडून येईल अशी सगळ्यांना भीती होती, आणि गल्लीतली पहिली पॉझिटिव्ह केस निघाली ती गल्लीतल्याच एका माणसाची, जो पूर्ण वेळ कारने ऑफिसला जात होता. त्यांच्या गेटवर पोस्टर लागलं, गल्लीच्या तोंडाशी बांबू-बल्ल्या बांधल्या. ते पोस्टर त्यांनी मुदत संपल्यावरही बरेच दिवस काढलं नाही कारण काढायला बाहेर आलं की लोक खिडकीतून बघायचे. डिसेंबर २०२० मधे सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सक्षम अधिकाऱ्याने तसा आदेश दिल्याशिवाय घरांवर अशी पोस्टर लावायची नाहीत. तोवर गल्लीने बघायचं ते बघून घेतलं होतं.

मावशी ऑगस्टमधे परत आल्या, मास्क लावून. बरोबर त्यांची मुलगी, सातवीतली. मध्यप्रदेशात जुलैपासून सरकारी शाळांचं "हमारा घर हमारा विद्यालय" सुरू झालेलं, फोनवर व्हिडिओ यायचे, आणि घरात फोन एक, तोही मावशींकडे, रिचार्ज असला तर. ती आमच्या ओटल्यावर बसून आमच्या वायफायवर अभ्यास करायची. आत ये म्हटलं तरी नाही यायची. तेव्हा मला वाटलं संकोच आहे, नंतर लक्षात आलं की एप्रिलमधे आम्हीच दाराच्या आत येऊ नका म्हटलं होतं, आणि तिने ते नीट ऐकलं होतं.

जूनपासून दुकानं उघडली ती लेफ्ट-राइटने, एक दिवस रस्त्याच्या डाव्या बाजूची, दुसऱ्या दिवशी उजव्या. आमच्या तोंडाशी किराणावाले सेठजी डावीकडे आणि पोहेवाला भिया उजवीकडे, म्हणजे ज्या दिवशी साखर त्या दिवशी पोहे नाहीत. पोहेवाल्याची वेगळी केस होऊ शकेल. बावीस वर्षं तोच ठेला, पातेल्यातल्या उकळत्या पाण्यावर पोह्यांची परात, वर शेव, कांदा, जीरावन मसाला, डाळिंबाचे दाणे, शेजारी जिलेबी. सकाळी सात ते दहा अर्धी गल्ली त्याच्याभोवती उभी. कागदातले पोहे उभ्याने खाणं म्हणजे पण एक ओटलाच, फक्त उभा. एप्रिलनंतर त्याने त्याच ठेल्यावर भाजी विकली, कांदे-बटाटे, परात उलटी करून त्यावर टमाटे. परत पोहे सुरू केले तेव्हा म्हणाला, "भाभी, पार्सल ही मिलेगा, खड़े मत रहना।" ज्या माणसाचं सगळं दुकान लोकांच्या उभं राहण्यावर, त्याला हे म्हणावं लागलं. पार्सलमधे पोह्यांची वाफ पाणी होते आणि शेव मऊ पडते, हे इंदूरमधे कोणाला सांगायची गरज नाही.

आता चांगलं वर्ष सांगते, कारण होतं. पुण्याहून, बंगलोरहून पोरं परत आली. आमची गल्ली त्या आधी दहा वर्षं म्हाताऱ्यांची होत चाललेली, प्रत्येक घरातला एक तरी मुलगा हिंजवडीत. एकाएकी सतरा-अठरा तरुण मंडळी लॅपटॉप घेऊन घरात. समोरच्या आजींचा मुलगा-सून आणि नातू पण आले. दुपारी लाईट गेली की सगळे ओटल्यावर, कारण नेटवर्क तिथेच, एकमेकांपासून चार हात लांब, कानात ते घालून इंग्रजीत मीटिंग करताहेत आणि शेजारी आजी लसूण सोलतेय. २२ ऑगस्टला गणपती बसले, मंडप नाही, मिरवणूक नाही, अनंत चतुर्दशीच्या मिलच्या झाक्या, म्हणजे गिरण्यांचे फिरते देखावे, नाहीत. पण रात्री आठला प्रत्येकाने आपल्या ओटल्यावर उभं राहून आरती म्हणायची असं पोरांनी ठरवलं. आता तीस घरं तीस लयीत. आमच्याकडे अजून पहिलं कडवं आणि सिंधी काकांकडे कापूर लागलेला. दहा दिवसांत एकदाही एकत्र संपली नाही. आई म्हणायच्या, "देवाला सवय झाली असेल."

एप्रिल २०२१ बद्दल मी थोडंच लिहिणार आहे. पाडवा १३ तारखेला होता, कालनिर्णयात त्या चौकोनात दीड लिहिलंय, गुढीचं काही लिहिलं नाही. दवा बाजारात रेमडेसिविरसाठी रांगा, खंडवा रोडवर सत्संगाच्या जागेत मोठं कोविड सेंटर उभं केलेलं, दिवसभर अ‍ॅम्ब्युलन्स. गल्लीत ऑक्सिमीटर एकच होता, बँकेतल्या काकांनी २०२० मधे घेतलेला. तो प्लास्टिकच्या पिशवीत, सॅनिटायझरच्या बाटलीसकट, ओटल्या-ओटल्यावरून फिरायचा. ज्याला हवा त्याने ग्रुपवर लिहायचं, आधीच्याने ओटल्यावर ठेवायचा, याने उचलायचा, बोट पुसून लावायचा, सहा मिनिटं चालून परत लावायचा आणि आकडा ग्रुपवर टाकायचा. बॅकअपमधे त्या तीन आठवड्यांत दुसरं जवळजवळ काही नाही, नुसते आकडे. ९७. ९६. ९७. ९५ चालून ९३. कोणीतरी लिहितं पालथं झोपा. ९४. ऑक्सिमीटर कुठे आहे. ९६ देवाची कृपा.

२४ तारखेला काकांचा स्वतःचा ९१. मग ८८. बेड मिळेपर्यंत रात्र गेली. पाचव्या दिवशी गेले. त्यांना घरी आणलंच नाही, पंचकुइयाच्या स्मशानात परस्पर, मुलगा आणि एक भाचा. आमच्याकडे कोणी गेलं की शेजारचे त्या दिवशी पिठलं-भात घेऊन जातात, त्या घरात चूल पेटत नाही. त्या दिवशी काकूंच्या ओटल्यावर नऊ डबे होते. काकू पॉझिटिव्ह, आत एकट्या. सगळे डबे पिठल्याचेच. रात्री मी खिडकीतून बघितलं तर एक डबा नेलेला आणि आठ तसेच, आणि कोणाची हिंमत नाही की जाऊन परत आणावेत. सकाळी कचऱ्याच्या गाडीवाल्याने काकूंना विचारून उचलले.

जून २०२१ मधे लस जोरात सुरू झाली, २१ जूनला इंदूरमधे एका दिवसात दोन लाखांच्या वर लागल्या. आजींनी सर्टिफिकेट लॅमिनेट करून देवाऱ्याजवळ लावलं. हे झालं आणि लोकांना वाटलं आता सगळं पूर्वीसारखं.

पण माझी केस इथून पुढे आहे. जाळ्या लागल्या. पहिली काकूंच्या ओटल्याला, त्यांच्या मुलाने लावली, "आई एकटी असते, कोणीही येऊन बसतं." मग आजींच्या मुलाने, २०२२ मधे पुण्याला परत जायच्या आधी. मग एकापाठोपाठ एक, हिरव्या नाहीतर काळ्या ऑइलपेंटची लोखंडी जाळी, त्यात छोटं दार, त्याला कुलूप. काहींनी आत स्कूटर लावली. मी मोजलं तर आत्ता गल्लीत अकरा ओटले उघडे आहेत. २०२० च्या आधी जाळी असलेली चार घरं होती.

सगळा दोष कोरोनावर टाकणं बरोबर नाही. चोऱ्या झाल्या होत्या दोन. गाड्या वाढल्या. राजवाड्याच्या आसपास स्मार्ट सिटीत रस्ते रुंद झाले तेव्हा तिकडचे कितीतरी जुने ओटले तुटलेच, आमच्यातल्या काहींनी तर या भीतीनेच पक्की जाळी घातली की निदान हद्द दिसेल. पण मी प्रत्येकाला विचारलं जाळी का लावली, आणि चोरी किंवा गाडी हे दुसरं कारण आलं. पहिलं हेच, की तसंही आता ओटल्यावर कोण बसतं.

आणि हे मला पटत नाही ते यासाठी. आम्ही नेमकी चुकीची जागा बंद केली. आम्हाला वाटत होतं कोरोना वस्तूंवरून येतो, म्हणून पिशव्या धुतल्या, फरशी धुतली, ओटल्यावरून उठून घरात गेलो, खिडक्या लावल्या, सहा माणसं एका खोलीत पंख्याखाली रामायण बघत बसलो. २० मे २०२१ ला केंद्र सरकारच्या वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने सूचना काढली, त्यात साफ होतं की बारीक कण हवेतून दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात, बंद खोल्यांत हवा खेळती ठेवा, दारं-खिडक्या उघडा. मोकळ्या हवेत, चार हात लांब, रस्त्याच्या कडेला एकेकट्याने बसायची बांधीव जागा शंभर वर्षांपासून आमच्या प्रत्येक घराला होती. आजी त्यांच्या ओटल्यावर आणि मी माझ्या, मधे रस्ता, एवढं तर आम्ही पहिल्या दिवसापासून करू शकत होतो. पोलीस हटकायचे हे खरं, पण सगळीकडे नाही आणि दोन वर्षं नाही.

आमच्याच शहरात साथीशी उलट्या बाजूने लढलेलं आहे. १९१७ मधे होळकर दरबाराने पॅट्रिक गेडिस नावाच्या स्कॉटिश नगररचनाकाराला बोलावलं, प्लेग हटत नव्हता म्हणून. त्याने दिवाळीला मिरवणूक काढायचं ठरवलं आणि सांगितलं की ज्या रस्त्यांवर जास्त घरं साफ होतील त्याच रस्त्यांनी ती जाणार. लोकांनी भराभर घरं, बोळ, ओटले साफ केले. मिरवणुकीत प्लेगचा भलामोठा उंदीर होता, शेवटी तो जाळला. म्हणजे भीती सगळ्यांची आणि तिच्यावरचा इलाज रस्त्यावर, सगळ्यांच्या समोर. आईंच्या आजेसासूबाई प्लेगचं सांगायच्या तेही असंच, घर सोडून बाहेर माळावर झोपड्या घालून राहायचं. तेव्हा लोक घराला घाबरले. आपण रस्त्याला घाबरलो. रोग वेगळा होता, उंदीर-पिसवा आणि हवा यात फरक आहे, मान्य, पण मला ही गोष्ट सारखी आठवते.

आमच्या क्लासमधे मॅडम विचारायच्या, यात तुमचा हात काय. माझा हात असा की २०२१ च्या डिसेंबरमधे नवऱ्याने जाळीचं कोटेशन आणलं होतं आणि मी हो म्हटलं होतं. स्कूटर पावसात भिजते म्हणून. आईंनी नाही म्हटलं. कारण फार साधं दिलं, जाळी लागली की रांगोळी कुठे काढू, स्कूटरच्या चाकाखाली? म्हणून आमचा ओटला त्या अकरांत आहे. माझ्यामुळे नाही.

पुण्या-बंगलोरची पोरं २०२२ मधे एकेक करत गेली, ऑफिसं उघडली. २२ मार्च २०२२ ला दोन वर्षांनी गेर निघाली, अख्खी गल्ली राजवाड्याला, रंगात न्हाऊन आली. पोहेवाल्याकडे परत उभं राहून खातात, त्याच्याकडे आता क्यूआर आहे, "आ गया भिया" असं मशीन बोलण्याआधी तोच ओरडतो. मावशींची मुलगी अकरावीला गेली, कॉमर्स घेतलं, हिशेबाचं काही अडलं तर येते, आणि आता आत येते. ग्रुप चालू आहे, सकाळचे गुलाब आणि वाढदिवस.

काकू फारशा बाहेर येत नाहीत. समोरच्या आजी येतात. त्यांची जाळी त्यांच्या मुलाने लावली तेव्हा कुलपाच्या दोन किल्ल्या केल्या, एक त्यांच्याकडे आणि एक आमच्याकडे, अडीअडचणीला. संध्याकाळी त्या खुर्ची जाळीच्या आतल्या बाजूला ओढतात आणि मी बाहेर खालच्या पायरीवर बसते, मधे गज. भाजी त्या आत निवडतात, देठं बाहेर माझ्या सुपात टाकतात गजातून. "बँकेतल्या मॅनेजरसारखी बसलेय मी," म्हणाल्या एकदा, मग काका आठवले आणि गप्प झाल्या.

मागच्या पावसाळ्यात ते कुलूप गंजलं. किल्ली फिरेना, मुलगा फोनवर म्हणाला नवीन मागवतो ऑनलाईन. गल्लीच्या तोंडाशी गाड्यांचं काम करणाऱ्या पोराने कटरने जुनं कापून दिलं. नवीन आलंय, डबा तसाच बंद आजींच्या टीव्हीवर ठेवलाय. मी विचारलं बसवून देऊ का. म्हणाल्या, "बसवू गं, काय घाई आहे, आधी ही गवार संपव."